प्रस्तावनेत अडकलेले काका

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, नातवंडांना फिरवतात, देवधर्म करतात. मी हे सगळं केलं आणि त्याच्या जोडीला ही एक गोष्ट न सांगण्याचं कामही नेमानं केलं. पण सुरुवात माझ्यापासून नको, काकांपासून करतो. नाशिक जिल्ह्यात आजवर जे जे लोक धंद्यात बुडाले, त्या सगळ्यांत हसतमुखानं बुडालेला माणूस एकच होता, आणि तो वाणिज्याचा शिक्षक होण्यासाठी माझ्या हाताखाली आला होता.

मी तेव्हा नाशिकच्या एका अध्यापक महाविद्यालयात होतो. अकरावी-बारावीच्या मुलांना व्यापार, हिशेब, व्यवस्थापन हे विषय कसे शिकवावेत, हे मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवत असे. हे विद्यार्थी साधारण बावीस-तेवीस वर्षांचे असतात, मोबाइलमध्ये डोकं घालून येतात आणि नोकरी कुठे लागेल या काळजीत परत जातात. त्यांच्यात एका जून महिन्यात चाळिशी ओलांडलेले, पुढून टक्कल पडलेले आणि पाठीवर मुलीचं जुनं दप्तर अडकवलेले हे गृहस्थ येऊन दाखल झाले. दप्तरावर कार्टूनमधली गुलाबी मांजर होती. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा मुलांनी प्राध्यापक समजून उभं राहून नमस्कार केला. त्यांनीही तो घेतला, ‘बसा, बसा’ म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दुपारपर्यंत ते वर्गाचे काका झाले, आठवड्याभरात शिपायाचे आणि ग्रंथपालबाईंचे झाले, आणि मी त्यांच्याहून चांगला पंधरा-सोळा वर्षांनी मोठा असूनही दिवाळीपर्यंत माझेही झाले.

काका इगतपुरीचे. तिथे पाऊस फार, म्हणून त्यांनी आयुष्यातला पहिला धंदा छत्र्यांचा काढला. ज्यांनी इगतपुरीचा पाऊस पाहिला आहे त्यांना हे ऐकूनच घाम फुटेल. तो पाऊस वरून पडत नाही, घाटातून आडवा येतो. छत्री उघडली की दुसऱ्या क्षणी ती उलटी होऊन आभाळाकडे तोंड करते. तिथला माणूस रेनकोट चढवतो, नाहीतर प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून ओढतो आणि कामाला लागतो. काका त्याच गावात जन्मले होते. मी त्यांना विचारलं, ‘अहो, मग दुकान काढलंत कशाला?’ ते म्हणाले, ‘सर, गावात एकबी छत्रीचं दुकान नव्हतं. मला वाटलं, कोणाच्या लक्षात आलं नसंल.’ त्यानंतर त्यांनी जिथे मे महिन्यातही रात्री पांघरूण लागतं तिथे थंड पेयांचं दुकान घातलं. मग एका शाळेसमोर झेरॉक्सचं यंत्र मांडलं, तर शाळाच नव्या इमारतीत गेली. मग मेव्हण्याबरोबर मांडव आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा केला. पुढे मेव्हणा वेगळा झाला आणि खुर्च्या मेव्हण्याबरोबर गेल्या. हे सगळं ते इतक्या आनंदानं सांगत की ऐकणाऱ्याला आपण उगीच नोकरी करून आयुष्य फुकट घालवलं असं वाटे. ‘तुम्ही वाणिज्य शिकवणार म्हणजे कमाल आहे,’ असं एकदा मी थट्टेनं म्हणालो. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, ‘सर, पाणी कुठं खोल हाय हे बुडालेलाच सांगणार. काठावरच्याला काय माहीत.’

या हसण्याखाली एक धास्ती होती, आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. घर चालत होतं ते त्यांच्या पत्नीच्या पगारावर. त्या रेल्वेत तिकीट खिडकीवर होत्या. त्यांनी काकांना एवढंच सांगितलं होतं, ‘हे शेवटचं. जमलं तर जमलं. नंतर मी काय बोलणार नाय आन तुम्हीबी काय काढायचं नाय.’ काकांच्या तालुक्यातल्या एका शाळेत वाणिज्याचे शिक्षक निवृत्त होणार होते. संस्थेच्या अध्यक्षांनी शब्द दिला होता की ज्या जूनमध्ये ती जागा रिकामी होईल त्या जूनमध्ये बी.एड. हातात घेऊन आलात तर जागा तुमची, नाहीतर आम्ही दुसरा बघू. त्या एका शब्दावर काका दोन वर्षं रोज पहाटेची गाडी पकडून नाशिकरोडला उतरत होते. पावसाळ्यात ते चिंब भिजून येत आणि पहिल्या तासाला आपले मोजे वर्गाच्या खिडकीच्या गजांना वाळत घालत. प्राचार्यांनी हरकत घेतली तेव्हा काकांनी मोजे काढले आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खिडकीमागे, जिथे ऊन जास्त येतं, तिथे बांधले.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमचे विद्यार्थी सराव म्हणून जवळच्या एका शाळेत अकरावीच्या वर्गावर पाठ घेतात. हा पाठ घेताना शिक्षकानं वर्गात शिरल्या शिरल्या विषय सांगून टाकायचा नसतो. आधी प्रस्तावना करायची. म्हणजे मुलांना चारपाच प्रश्न असे विचारायचे की आजच्या विषयाचं नाव त्यांच्याच तोंडून बाहेर पडेल. ते पडलं की शिक्षकानं हसायचं, ‘शाब्बास’ म्हणायचं आणि ते नाव फळ्यावर लिहायचं. त्यानंतर खरा पाठ सुरू. हे सगळं पाच मिनिटांत उरकायचं, कारण पाठ पस्तीस मिनिटांचा. बाकीचे विद्यार्थी ही प्रस्तावना झटपट उरकत. एक मुलगी बँकेचं मोठं चित्र दाखवी आणि विचारी, ‘हे काय आहे?’ मुलं म्हणत, ‘बँक.’ झाली प्रस्तावना. काकांनी हे पाहिलं आणि तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘सर, पोरांना बँक माहीत हाय तर शिकवायची कशाला? आन माहीत नसंल तर ती सांगतील कशी?’ आयुष्यभर प्रस्तावना शिकवूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. मी त्यांना म्हणालो, ‘काका, रीत आहे.’ ते म्हणाले, ‘हां, मग ठीक हाय,’ आणि मागे जाऊन बसले. पण त्यांना ते ठीक वाटलं नव्हतं, हे पुढे दोन वर्षं आम्ही भोगलं.

काका खरे प्रश्न विचारत. नुसते विचारत नसत, उत्तराची वाट पाहत. शिक्षक प्रश्न विचारून वाट पाहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असतं. काकांच्या चेहऱ्यावर काहीच नसे. दुकानात गिऱ्हाईक काय मागतंय याची वाट पाहावी तसे ते टेबलाला टेकून उभे राहत आणि खडू सुतारासारखा कानामागे खोचत. एकदा ‘जाहिरात’ या विषयावर त्यांनी मुलांना विचारलं, ‘घेऊन पस्तावलात अशी शेवटची वस्तू कोणती?’ एक मुलगा बुटांबद्दल बोलू लागला, एक मुलगी केसांच्या तेलाबद्दल, तिसऱ्यानं आपल्या वडिलांनी घेतलेल्या मोटारसायकलीची घरगुती भानगड सांगितली. वर्ग असा रंगला की बाहेरून जाणारे शिक्षक दारात थांबले. घंटा झाली तेव्हा काका अजून प्रस्तावनेतच होते. ‘जाहिरात’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नव्हता, म्हणून त्यांनी तो फळ्यावर लिहिला नव्हता. मी वहीत शेरा मारला, ‘विषय सुरू झाला नाही.’ काकांनी तो वाचला आणि म्हणाले, ‘सर, पोरं सांगायच्या आधी मी कसा सांगू? रीत हाय ना.’

साधनांचीही तीच तऱ्हा. पाठाला शैक्षणिक साधन लागतं. बाकीचे कॉलेजसमोरच्या दुकानातून तयार तक्ते आणत. काका खऱ्या वस्तू आणत, आणि एकदा त्यांनी खरं माणूस आणलं. विषय होता ‘फिरते विक्रेते’. काकांनी जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी एक बाई रस्त्यावरून वर्गात आणून उभी केली. बाई आधी बावरल्या, पण टोपली उतरवून बसल्यावर त्यांना कंठ फुटला. जुन्या साडीचे काठ बघून मोल कसं ठरवायचं, गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं तरी टोपली लगेच का उचलायची नाही, हे त्यांनी असं सांगितलं की मी स्वतः टिपून घेतलं. अडचण एवढीच झाली की तास संपल्यावर बाई हलेनात, कारण शाळेच्या उपमुख्याध्यापिका डब्याचा भाव विचारायला आल्या होत्या. मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकदालनात तीन पातेली आणि एक कढई विकली गेली. दुसऱ्या दिवशी दोन शिक्षिका घरून जुन्या साड्या घेऊन आल्या आणि काकांना विचारू लागल्या, ‘तुमचं साधन आज येणार का?’ मी शेरा दिला, ‘साधन परिणामकारक, पण पाठानंतर वेळेवर उचलले नाही.’ काकांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला आणि सगळ्यांत जास्त हसले.

हे सगळं हसण्यावारी जात होतं ते वार्षिक पाठ जवळ येईपर्यंत. हा पाठ म्हणजे आमच्याकडची परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात, त्यांच्या शेजारी आमच्यातला एक जण बसतो, आणि दोघांनी मिळून गुण द्यायचे असतात. या पाठासाठी एक दुसरी रीत आहे, ती कोणत्याही पुस्तकात नाही. आदल्या दिवशी वर्गात जाऊन मुलांना प्रश्नोत्तरं सांगून ठेवायची. याला पोरं पढवणं म्हणतात. सगळे करतात, सगळ्यांना माहीत असतं, आणि कोणी कोणाला विचारत नाही. मी मात्र याच्या विरुद्ध जिथे तिथे बोलत असे. चर्चासत्रांत बोललो होतो, लेख लिहिले होते. पढवलेला वर्ग ही फसवणूक आहे, हे माझं वाक्य लोक मला भेटल्यावर म्हणून दाखवत. त्या वर्षी मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो आणि माझ्या सत्काराच्या भाषणांत हेच वाक्य येणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

काकांच्या सोबतच्या मुलांनी त्यांना समजावलं. एक मुलगा म्हणाला, ‘काका, येडेपणा करू नका. उद्या जाऊन पोरांना फक्त एक शब्द सांगून या.’ काका म्हणाले, ‘पोरांना आधीच सांगितलं, तर मंग परवा मी शिकवायचं कोणाला?’ ‘आणि पोरं बोललीच नाहीत तर? परीक्षक मॅडम काय रात्रभर बसणार का तुमच्यासाठी?’ ‘बोलतील. माणूस विचारल्यावर बोलतोच. जरा दम धरावा लागतो.’ मी जिन्याच्या कठड्याशी उभा राहून हे ऐकत होतो. दम धरायला पस्तीस मिनिटं होती, आणि त्यापलीकडे जून होता, ती जागा होती, तिकीट खिडकीवरच्या त्या बाई होत्या. मला रात्री झोप लागली नाही. परीक्षक बाईंची ख्याती मी ऐकून होतो. प्रस्तावनेत अडकलेल्या पाठाला त्या हात पुढे करून बाहेर काढणाऱ्यांपैकी नव्हत्या.

म्हणून पाठाच्या आदल्या दिवशी, काका फळ्यासाठी सरळ रेघा मारायचा सराव करत कॉलेजात बसले असताना, मी त्या सरावाच्या शाळेत गेलो. वर्गाची व्यवस्था पाहायला आलोय असं सांगितलं. विषय होता ‘व्यावसायिक जोखीम’. काकांचं पाठाचं टाचण मी तपासलेलं होतं, त्यामुळे ते कोणते प्रश्न विचारणार हे मला माहीत होतं. मी मुलांना म्हणालो, ‘उद्या सर आपल्या छत्रीच्या दुकानाची गोष्ट सांगतील. मग विचारतील की कुठल्या धंद्यात बुडणारच नाही अशी खात्री असते का. तेव्हा गप्प बसायचं नाही. हात वर करायचा आणि म्हणायचं, प्रत्येक व्यवसायात जोखीम अटळ असते.’ मुलांकडून दोनदा म्हणवून घेतलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘सर, उद्याच्या सरांना सांगायचं का तुम्ही आलता म्हणून?’ मी म्हणालो, ‘नको. त्यांना आनंद होऊ दे.’ मला तेव्हा ते वाक्य फार सुंदर वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. परीक्षक बाई आणि त्यांच्या शेजारी मी, असे आम्ही मागे बसलो. छत्रीच्या दुकानाची गोष्ट त्यांनी सांगितली, मुलं खळाळून हसली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, खडू कानामागे खोचला आणि टेबलाला टेकून वाट पाहायच्या तयारीनं उभे राहिले. टेकतात न टेकतात तोच सगळा वर्ग हात वर करून बसला. काका दचकून सरळ झाले. त्यांनी मधल्या बाकावरच्या मुलाला उठवलं. तो म्हणाला, ‘प्रत्येक व्यवसायात जोखीम अटळ असते.’ काकांना विश्वास बसेना. त्यांनी खिडकीजवळच्या मुलीला उठवलं, ती तेच म्हणाली. शेवटच्या बाकावरचा एक आडदांड मुलगा न उठवताच उभा राहिला आणि त्यानंही तेच सांगितलं. काकांनी मागे माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या लवकर आपली प्रस्तावना संपलेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, त्यामुळे पुढे काय करायचं हे क्षणभर त्यांना आठवेना. मग त्यांनी ‘जोखीम’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तोही सरळ, आणि त्यानंतर जो पाठ झाला तसा पाठ मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही. आगीची जोखीम, फॅशन बदलण्याची, भागीदाराची, मेव्हण्याची. एक मुलगा म्हणाला की त्याच्या घरची रसवंती बंद पडली ती शेजारी दुसरी निघाली म्हणून. त्यावर एक मुलगी त्याच्याशी भांडली, की नाही, तुझे काका गिऱ्हाइकांवर खेकसतात म्हणून. काकांनी दोघांनाही बोलू दिलं, दोघांचंही फळ्यावर मांडलं, आणि घंटा व्हायच्या आत शेवट केला.

शिक्षकदालनात आल्यावर परीक्षक बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. ‘पाठ चांगला होता,’ त्या म्हणाल्या. मी श्वास सोडला. ‘पण सर, तीन मुलं, तीन वेगळे बाक आणि एकच वाक्य. त्यातही अटळ. अकरावीचं पोरगं अटळ म्हणतं का हो?’

मी म्हणालो, ‘पुस्तकात असेल.’

‘नाही. मी आत्ता पाहिलं.’

पुस्तकात नव्हताच. अटळ हा शब्द माझा होता. माझ्या व्याख्यानांत तो असे, टिपणांत असे, आणि जेवायला उशीर झाला तरी ‘हे अटळ होतं’ असं मी म्हणतो म्हणून माझी बायको मला चिडवी. बाई पुढे म्हणाल्या, ‘तुम्ही या बाबतीत किती कडक आहात हे मला माहीत आहे. तुमचं भाषण ऐकलंय मी. म्हणून तर तुम्हाला सांगते. तुमच्या या विद्यार्थ्यानं पोरं पढवलीत.’

तेवढ्यात दार उघडून काका आत आले. आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात ते कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आले होते. त्यांनी खोका बाईंपुढे धरला. बाईंनी हात मागे घेतला.

‘हे कशाबद्दल?’

‘पाठ झाला ना, मॅडम.’

‘तुम्ही या मुलांना उत्तरं आधी सांगून ठेवली होती?’

‘नाय मॅडम. पोरं आपल्या मनानं बोलली.’

‘तिघांनी एकच वाक्य?’

‘हां ना. मलाबी त्याचंच नवल वाटलं.’

बाईंनी चष्मा काढला. ‘खोटं बोलताना निदान हसू तरी नका.’

काका तरीही थोडा वेळ हसतच राहिले, कारण त्यांना ते वाक्य नीट पोचलं नव्हतं. मग पोचलं. त्यांनी खोका टेबलाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘सर, तुम्ही सांगा ना. तुम्ही वळखता मला.’

मला चार शब्द बोलायचे होते. माझ्या मनात प्राचार्य आले, सत्कार आला, माझे लेख आले. काका पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकतात, हेही आलं. मी म्हणालो, ‘काका, तुम्ही जरा बाहेर थांबा.’

ते बाहेर गेले. गुणपत्रकावर बाईंनी आकडा लिहिला आणि शेरा लिहिला. खाली दोन सह्या लागतात. दुसरी माझी आहे.

काकांना मीच जाऊन सांगितलं. शाळेच्या नळाशी ते हात धूत होते. नापास म्हटल्यावर त्यांनी नळ बंद केला आणि हात रुमालाला पुसले. मग म्हणाले, ‘मॅडमचं काय चुकलं नाय सर. एवढा भारी पाठ म्हटल्यावर कोणालाबी संशय येईल.’ मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की पुढच्या वर्षी बसा, बाकी सगळं झालंय, फक्त एक पाठ द्यायचाय, अध्यक्षांशी मी बोलतो. ते मान हलवत राहिले. ‘नाय सर. याच्यापेक्षा चांगला पाठ माझ्याच्यानं व्हायचा नाय. हाच नापास झाला, तर दुसरा कुठून पास व्हायचा?’ हे त्यांच्या सगळ्या धंद्यांसारखंच गणित होतं. चुकलेलं, आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर खोडता न येणारं. जूनमध्ये ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. काका महामार्गावरच्या एका लॉजच्या काउंटरवर कामाला लागले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी कॉलेजनं मला नव्या तुकडीच्या स्वागताला बोलावलं. तिथे माझ्यानंतर आलेल्या तरुण प्राध्यापकानं मुलांना एक गोष्ट सांगितली. एक काका होते, त्यांनी वार्षिक पाठाला पोरं पढवली, आणि आमच्या या सरांनी स्वतःचा विद्यार्थी असूनही गय केली नाही. ही गोष्ट तिथे दरवर्षी सांगतात असं कळलं. मुलांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी इगतपुरीला गेलो. गाडीत बसून काय बोलायचं ते मनाशी पक्कं केलं. स्टेशनवर काका न्यायला आले होते, लॉजवर सुट्टी टाकून. रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, नागलीची भाकरी आणि आमटी केली होती. काकांनी शेजारचे दोघे मुद्दाम बोलावले होते, ‘माझे सर’ दाखवायला. जेवण होईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. पण भाताची वेळ आली तसे काका त्या पाठाकडे वळले. कोण कुठल्या बाकावर बसलं होतं, कोणी पहिला हात वर केला, रसवंतीवरून कसं भांडण लागलं, सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं. शेजाऱ्यांनी हे आधी अनेकदा ऐकलेलं असावं, कारण ते योग्य जागी मान हलवत होते. ‘धंदे लय केले,’ काका म्हणाले, ‘पण तो एक तास असा गेला की बास. नापास झालो ते जाऊ द्या. पोरं आपल्या मनानं बोलली का नाय, हे सरांना विचारा. सर होते तिथं.’ आणि मग मला म्हणाले, ‘बोलली का नाय, सर?’

पाटावरून चार चेहरे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, ‘बोलली.’

निघताना काका रिक्षा पाहायला कोपऱ्यापर्यंत गेले. वहिनी फाटकाशी आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘सर, एक विचारायचं होतं. यांच्यासमोर नको. पोरं खरंच यांनी पढवली होती का? मी कधी विचारलं नाय. विचारलं असतं तर नाय म्हणले असते, आन मला खरं वाटलं नसतं. मंग घरात दोघं राहायचं कसं.’ मग त्या पुढे म्हणाल्या, ‘आमची पोरगी आता बी.एड.ला जायचं म्हणते. तुमच्याच कॉलेजात. तिथं तिला बापाचं काय ऐकायला मिळंल, म्हणून विचारते.’

‘त्यांनी नाही पढवली, वहिनी,’ मी म्हणालो.

त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यांनी कोपऱ्याकडे एकदा पाहिलं. मग मला विचारलं, ‘मग कोणी?’

रिक्षा आली होती. मी म्हणालो, ‘माझी गाडी चुकेल,’ आणि निघालो.

मुलीचा प्रवेश यंदा झाला आहे. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिला ती गोष्ट सांगेल, म्हणून खरं काय घडलं ते मी कॉलेजला लेखी कळवलं आहे आणि इथेही लिहितो आहे. काकांनी हे वाचलं तर त्यांचा तो पाठ मी त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल, ही भीती मला शेवटपर्यंत अडवत होती. पण रसवंतीचं ते भांडण मी कोणाला शिकवलं नव्हतं. त्या मुलीला भांडायला मी सांगितलं नव्हतं.

वहिनी, पोरं मी पढवली होती. काका, पहिली पाच मिनिटं माझी होती, बाकीचा सगळा पाठ तुमचा. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत तेव्हाच हे बाईंना सांगायला हवं होतं. मला माफ करा.